कोण आहे रे तिकडे?

ऐतिहासिक नाटकात एक भूमिका अशी असते की तिच्यासाठी नट शोधावा लागत नाही. पडदा वर जायच्या आधी विंगेत जो मोकळा दिसेल त्याला उभं करतात. महाराज गरजतात, "कोण आहे रे तिकडे?" आणि भाला घेतलेला एक इसम येऊन मुजरा करतो. त्याला नाव नसतं, गाव नसतं. नशीब जोरावर असेल तर "जी सरकार" एवढं वाक्य त्याच्या वाट्याला येतं. नसेल तर दुसऱ्या अंकात नायकाच्या पहिल्याच फटक्याला आडवं व्हायचं आणि नाकावर माशी बसली तरी अंक संपेपर्यंत मेलेलं राहायचं. टाळ्या नायकाला. मिशी मात्र आठवणीनं परत करायची, ती पुढच्या प्रयोगाला लागते.

टेरी प्रॅचेट नावाच्या इंग्रज कादंबरीकारानं १९८९ साली एक सबंध कादंबरी या इसमाला अर्पण केली. तिचं नाव 'गार्ड्स! गार्ड्स!', म्हणजे तीच हाक. साहसकथेच्या नायकावर एकेक करून धावून जायचं आणि एकेक करून मरायचं, एवढ्याच कामाला ठेवलेल्या या पहारेकऱ्यांना कुणी कधी त्यांची मर्जी विचारत नाही, ही प्रॅचेटची तक्रार. मग त्यानं स्वतःच विचारली. त्यांनी जे सांगितलं ते त्या कादंबरीला पुरलं आणि पुढच्या सात कादंबऱ्यांनाही.

हे याच माणसाला का सुचलं, ते त्याच्या नोकऱ्या पाहिल्या की कळतं. जन्म १९४८चा, बीकन्सफील्ड गावचा. वडील गॅरेजात मेकॅनिक. सतराव्या वर्षी शाळा सोडून तो गावाकडच्या वर्तमानपत्रात उमेदवारी करायला लागला, आणि कामावर रुजू झाल्याच्या पहिल्याच दिवशी आपल्याला प्रेत पाहावं लागलं, असं तो सांगायचा. पुढे तो वीजमंडळात प्रसिद्धी अधिकारी झाला. मुहूर्त पाहा. मार्च १९७९मध्ये अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या अणुवीज केंद्रात अपघात झाला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत या गृहस्थाकडे आपल्या भागातल्या अणुवीज केंद्रांबद्दल 'काळजीचं काही कारण नाही' असं लोकांना सांगायचं काम आलं. १९८७पर्यंत ते त्यानं केलं. दिवसा अणुभट्टी, रात्री ड्रॅगन. मला वाटतं, त्याच्या विनोदाची नाळ या नोकरीतच पुरलेली आहे. नेमकं काय गळलं, किती गळलं आणि ते पुसलं कुणी, असल्या प्रश्नांना दिवसभर तोंड देणारा माणूस रात्री ड्रॅगनचं वर्णन करायला बसला की त्याला आगीच्या आधी पंचनामा दिसतो.

टॉल्किनचं 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' त्यानं तेराव्या वर्षी वाचलं आणि तो खुळावला. खुळावलेला तो एकटाच नव्हता. टॉल्किनच्या मागून नकलाकारांची रांग लागली आणि अद्भुतकथेचा साचा पक्का झाला. आडगावात वाढलेलं अनाथ पोर, ते खरं म्हणजे राजपुत्र, अंगावर जन्मखूण, कमरेला वडिलोपार्जित तलवार, भविष्य वर्तवणारा दाढीवाला म्हातारा आणि काळ्या किल्ल्यात बसलेला काळ्या मनाचा सम्राट. या मुलखाची डायना विन जोन्स या लेखिकेनं १९९६ साली एक खोटी प्रवास-मार्गदर्शिकाच लिहिली. तिच्या म्हणण्याप्रमाणे तिथे रानात उतरा की खाणावळीत, पुढ्यात येतो तो स्ट्यूच. शत्रू पाठीवर असताना तासन्‌तास रटरटणारा पदार्थ ही माणसं का करतात, हे मात्र कुणालाच सांगता येत नाही. चाळीस वर्षं पुरुष समीक्षक या कादंबऱ्यांतली मिथकं तपासत होते. भांड्याखाली चूल किती वेळ पेटती ठेवावी लागते ते एका बाईला दिसलं.

प्रॅचेटची नजर याच जातीची. १९८३च्या 'द कलर ऑफ मॅजिक'पासून त्यानं जे 'डिस्कवर्ल्ड' उभं केलं ते सपाट तबकडीचं जग. तबकडी चार हत्तींच्या पाठीवर, हत्ती एका अजस्र कासवाच्या पाठीवर आणि कासव अंतराळातून पोहत चाललेलं. आपल्या वाचकाला इथे घरच्यासारखं वाटतं. दिग्गज आपले, कूर्मही आपला. कासवावर हत्ती आणि हत्तीवर पृथ्वी ही हिंदुस्थानातली समजूत म्हणून युरोपात सतराव्या शतकापासून सांगितली जाते. जॉन लॉकनं आपल्या तत्त्वज्ञानाच्या ग्रंथात तिचा दाखला दिला आहे, आणि मग ते कासव कशावर उभं आहे, हा खवचट सवालही केला आहे. प्रॅचेट त्या सवालाच्या वाटेला जात नाही. त्याचं कासव पोहतं, मिटलं. त्याला पडतो तो प्रश्न वेगळाच: हे कासव नर की मादी? कारण ते जर विणीसाठी दुसऱ्या कासवाकडे निघालं असेल, तर भेट झाल्यावर पाठीवरच्या जगाचं काय होणार? कादंबरीतल्या क्रुल नावाच्या राज्यात खगोलशास्त्रज्ञ जगाच्या कडेवरून खाली यान सोडायची तयारी करतात ती एवढ्याचसाठी. साऱ्या राज्याची विद्या आणि तिजोरी पणाला लागली ती कासवाच्या शेपटीखाली डोकावायला.

त्याच कादंबरीत त्या जगातला पहिला पर्यटक येतो. तो एका खाणावळवाल्याला आगीच्या विम्याची कल्पना समजावून सांगतो. कल्पना समजायचा अवकाश, खाणावळवाला आधी विमा उतरवतो आणि मग काडी लावतो. आग शहरभर पसरते. एवढ्या जादूगारांच्या शहराला एक पॉलिसी भारी पडली.

तरीही पहिल्या दोन कादंबऱ्या मला आज सलग वाचवत नाहीत. कोटीवर कोटी, तिच्यावर तळटीप आणि तळटिपेत आणखी एक कोटी, असा मामला आहे. माणसं अजून यायची आहेत. नव्या वाचकानं तिथून सुरुवात करू नये. फक्त दुसऱ्या, म्हणजे १९८६च्या 'द लाइट फँटॅस्टिक'मध्ये एका म्हाताऱ्याची गाठ पडते, त्याच्यासाठी ती जरूर चाळावी.

हा म्हातारा म्हणजे कोहेन. कॉनन द बार्बेरियन हा पीळदार दंडांचा रांगडा वीर सिनेमामुळे सगळ्यांना ठाऊक आहे. तोच ऐंशी ओलांडल्यावर कसा दिसेल? असला प्रश्न कुणाला पडत नाही, कारण असले वीर म्हातारे होतच नाहीत. कादंबरी त्याच्या आत संपते. कोहेनच्या तोंडात एक दात शिल्लक नाही. पोट चालतं ते सूपावर. कंबर धरलेली. लढाई मात्र अजून जिंकतो, कारण जन्मात दुसरं काही शिकलाच नाही. आयुष्यात खरं सुख कशात, असं विचारलं तर तो शत्रूच्या पाडावाच्या गोष्टी करत नाही, गरम पाण्याची आणि दातांच्या चांगल्या डॉक्टरची आठवण काढतो. बळी द्यायला नेलेल्या एका कुमारिकेला तो वेदीवरून सोडवतो तर ती त्याच्यावरच भडकते. या दिवसासाठी इतकी वर्षं कडक राहिले, आणि हा कोण आयत्या वेळी तडमडला? मग तीच त्याच्या पाठीला तेल चोळून देते. पुढे पर्यटकाची कवळी पाहून कोहेनचे डोळे विस्फारतात आणि तो आपल्यासाठीही एक करवून घेतो. त्या जगातल्या दगडी राक्षसांचे दात हिऱ्याचे असतात, त्यांची. खजिना सापडलेले वीर गोष्टींत पुष्कळ भेटतात. सापडलेले हिरे चावायला वापरणारा मला हा एकच ठाऊक आहे.

पण खरी बहार पहारेकऱ्यांची. अँख-मॉरपॉर्क हे त्यांचं शहर. तिथे चोरांचा अधिकृत संघ आहे. संघाचे सभासद ठरवून दिलेल्या मर्यादेत चोऱ्या करतात आणि लुटल्या गेलेल्या माणसाला रीतसर पावती देतात. अशा शहरात रात्रीच्या गस्तीला काम काय उरणार? 'सर्व ठीक आहे' असं ओरडत फिरायचं, आणि जिथे ठीक नसेल त्या गल्लीत पाऊल टाकायचं नाही. गस्तीत माणसं तीन. कप्तान व्हाइम्स, बहुतेक वेळ गटारात पडलेला. सार्जंट कोलन, ज्याचा संसार टिकून आहे तो बायकोची दिवसपाळी आणि याची रात्रपाळी असल्यामुळे. तिसरा नॉबी, ज्याच्या समोर पाकीट खाली ठेवू नये. त्यांच्यात चौथा येऊन दाखल होतो तो कॅरट. बुटक्या खाणकामगारांच्या कुटुंबात वाढलेला सहा फुटांहून उंच पोरगा, कायद्याचं पुस्तक तोंडपाठ आणि लोक ते पाळत नसतील ही शंकासुद्धा मनाला न शिवलेली. तो येतो काय आणि चोरसंघाच्या अध्यक्षाला चोरीच्या आरोपाखाली पकडून आणतो काय.

मग शहरावर ड्रॅगन येतो. कोलन, नॉबी आणि कॅरट एका छपरावर दबा धरून बसतात. ड्रॅगनच्या अंगावर म्हणे एकच मर्मस्थान. ते कुठे, कुणाला माहीत नाही. जवळ एक धनुष्य आणि कोलनचा हातगुणाचा बाण. नेम लागायची शक्यता किती? दहा लाखांत एक. हे ऐकून तिघांचे चेहरे उजळतात. गोष्टी ऐकत वाढलेल्या कुणालाही ठाऊक असतं की शक्यता दहा लाखांत एक असली की काम फत्ते झालंच म्हणून समजावं. घोडं अडतं ते हिशेबाशी. शक्यता बरोबर दहा लाखांत एकच आहे ना? समजा, दहा लाखांना थोडी कमी भरली, तर? तेवढ्यावर आजवर कुणाचं भलं झालेलं नाही. आणि कोलनचा नेम तसा बरा, हीच आता आडकाठी झाली. तेव्हा त्याला अवघड करणं आलं. एका पायावर उभा राहा. तोंडात रुमाल धर. आता किती झाली? अजून थोडी कमीच वाटते. डोक्यावर ड्रॅगन घिरट्या घालतोय आणि तीन शिपाई एका चौकटीत बसेल अशी दुर्दशा बेतत बसले आहेत. अखेर बाण सुटतो आणि चुकतो. बेरजेत कुठंतरी घोटाळा झाला असणार. ड्रॅगन फुत्कारतो, खाली दारूची भट्टी, सगळं छप्पर उडतं आणि तिघं जाऊन पडतात ते एका बागेतल्या तळ्यात, धडधाकट. यातून जिवंत वाचायची शक्यता किती होती? तेवढीच. नेमकी.

हे प्रकरण वाचताना हसून पोट दुखतं, आणि मग लक्षात येतं की नायकाला नशीब लेखकाकडून घरपोच मिळतं; शिपायाला त्यासाठी अर्ज करावा लागतो, तोही नमुन्यात बसला पाहिजे. शेवटी शहर वाचतं. राज्यकर्ता विचारतो, बक्षीस काय हवं? अर्धं राज्य आणि राजकन्या, ही आपली 'चांदोबा'तली दरसूची. शिपायांची आपसांत कुजबुज होते, एकमेकांना कोपरखळ्या बसतात, आणि मागणी पुढे येते: महिन्याला पाच डॉलर पगारवाढ, चहाची नवी किटली आणि जमलंच तर एक डार्टबोर्ड.

कोतवाल आणि हवालदारांची गंमत मराठी प्रेक्षकाला नवी नाही. वसंत सबनिसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'मधल्या दादा कोंडक्यांच्या हवालदारानं पिढ्या हसवल्या. वगातला सोंगाड्या राजाची फिरकी घेतो, राजाचा मूर्खपणा उघडा पडतो, आपण हसत घरी येतो, राजा गादीवरच असतो. प्रॅचेटला फिरकीत फारसा रस नाही. राजा हवाच कशाला, हे त्याला विचारायचं आहे. कॅरट हा त्या शहराचा खरा वारस. मुकुटाच्या आकाराची जन्मखूण आहे, वाडवडिलांची तलवारही आहे. ती जादूची नाही, चकाकतसुद्धा नाही, फक्त धारेला उत्तम आहे. वाचकाला हे कळतं, राज्यकर्त्याला कळतं, गावात बऱ्याच जणांना कळतं, आणि सगळे शहाण्यासारखे गप्प बसतात. १९९३च्या 'मेन अ‍ॅट आर्म्स'मध्ये तर कागदोपत्री पुरावेही मिळतात. कॅरट ते वर येऊ देत नाही. लोकांनी शिपायाचं ऐकावं ते तो शिपाई आहे म्हणून, त्याच्या अंगात कुणाचं रक्त आहे म्हणून नव्हे, एवढं त्याचं राज्यशास्त्र. त्याच्या कप्तानाला तेही जास्त वाटतं. शहराच्या शेवटच्या राजाचं डोकं उडवणारा माणूस व्हाइम्सचाच पूर्वज होता.

'मेन अ‍ॅट आर्म्स'मध्येच तो बुटांचा हिशेब आहे, ज्यानं प्रॅचेटला अर्थशास्त्राच्या चर्चेत नेऊन बसवलं. व्हाइम्सचा पगार महिना ३८ डॉलर. चांगले बूट ५० डॉलरना, ते वर्षानुवर्षं टिकतात. परवडणारे बूट १० डॉलरचे, त्यांचे तळ पुठ्ठ्याचे, एकदोन मोसमांत पाणी आत. दहादहा डॉलर करत गरीब माणूस तेवढ्या वर्षांत शंभर डॉलर घालवून बसतो आणि पाय ओले ते ओलेच. २०२२ साली ब्रिटनमध्ये महागाई भडकली तेव्हा जॅक मन्रो या अन्नविषयक लेखिकेनं गरिबांच्या पिशवीतल्या स्वस्त मालाचे भाव नोंदवणारा निर्देशांक सुरू करायचं ठरवलं आणि प्रॅचेटच्या वारसांच्या संमतीनं त्याला व्हाइम्सच्या बुटांचं नाव दिलं. हा हिशेब सगळे सांगतात. मला त्याच्यापुढची गोष्ट जास्त आवडते. पातळ तळव्यांमुळे व्हाइम्सला दाट धुक्यातही पायाखालच्या दगडांवरून आपण कुठल्या गल्लीत आहोत ते कळतं. पुढे शहरातल्या सगळ्यात श्रीमंत बाईशी त्याचं लग्न होतं, उत्तम बूट पायात येतात, आणि आपल्याच शहरात त्याची वाट चुकायला लागते. प्रॅचेट गरिबीचे गोडवे गात नाही, पण बढतीनंतर साहेबाला काय कळेनासं होतं ते त्यानं नोंदवून ठेवलं आहे.

एवढं वाचून कुणाला वाटेल, या गृहस्थाला तलवारींचं वावडंच असणार. १९९८मध्ये साहित्यसेवेबद्दल सरकारी सन्मान मिळाला तेव्हा तो म्हणाला होता की साहित्य लिहिण्याच्या भानगडीत आपण पडलो नाही हीच काय ती सेवा. २००९ साली 'सर' झाला आणि त्याच्या डोक्यात आलं, सरदाराकडे तलवार हवी. विल्टशायरमधल्या घराच्या आसपास त्यानं सुमारे ८० किलो खनिज खणून काढलं, मित्राच्या मदतीनं भट्टी रचून ते गाळलं, वरून उल्केच्या लोखंडाचे तुकडे टाकले आणि लोहाराकडून पातं घडवून घेतलं. आकाशातून पडलेल्या लोखंडाची तलवार! त्याच्या कादंबऱ्यांत एखाद्या नवशिक्या वीरानं ती मिरवली असती तर नॉबीनं तिची किंमत करून ती दुपारच्या आत विकली असती. पण तळ्यातून हात वर येऊन मिळालेली तलवार वेगळी आणि पाठ मोडेस्तोवर माती उपसून केलेली वेगळी. शिवाय हत्यारांच्या कायद्याची कटकट नको म्हणून सरदारसाहेबांना ती लपवून ठेवावी लागली.

तोवर आजार लागलाच होता. डिसेंबर २००७मध्ये त्यानं जाहीर केलं की आपल्याला अल्झायमरचा एक दुर्मीळ प्रकार झाला आहे, ज्यात मेंदूचा मागचा भाग झिजत जातो. समोरच्या वस्तू डोळ्यांना दिसतात आणि मेंदूला सापडत नाहीत. टंकलेखन सुटलं. मग तो तोंडी सांगून लिहवून घेऊ लागला, आणि संशोधनासाठी त्यानं दहा लाख डॉलर दिले. १२ मार्च २०१५ला तो गेला तेव्हा वय ६६ होतं. डिस्कवर्ल्डच्या कादंबऱ्या भरल्या ४१. शेवटची त्याच वर्षी, त्याच्यामागे आली. अपुऱ्या लिखाणाचं काय करायचं तेही सांगून गेला होता. २०१७ साली डॉर्सेटमधल्या वाफेच्या यंत्रांच्या जत्रेत त्याची हार्ड डिस्क जमिनीवर ठेवली आणि 'लॉर्ड जेरिको' नावाचा जुना वाफेवरचा रोडरोलर तिच्यावरून फिरवला. ती पुरती मोडेना. शेवटी दगड फोडायच्या यंत्रात घालावी लागली.

त्याच्या पुस्तकांतल्या पराक्रमांत माझ्या आवडीचा एकच, २००५च्या 'थड!'मधला. व्हाइम्स आता सगळ्या पोलिसांचा प्रमुख आहे, नावापुढे सरदारकी आहे आणि घरात तान्हा मुलगा. संध्याकाळी सहाच्या ठोक्याला घरी पोचून त्या पोराला हरवलेल्या गाईचं चित्रपुस्तक वाचून दाखवायचं, हा त्याचा नेम. गोष्ट एवढीच की एकाची गाय हरवली आहे आणि तो भेटेल त्या प्राण्याला ही आपली गाय का म्हणून पारखतो. एक बें करतो, एक हिनहिनतो, गाय काही सापडत नाही. नेम चुकवायचा नाही. चांगल्या कारणासाठी एकदा चुकवला की वाईट कारणं आपल्या पायांनी चालत येतात, असं व्हाइम्सचं म्हणणं. म्हणून एकदा त्याला वेळेवर घरी पोचवायला कॅरट शहराची वाहतूक अडवून धरतो. पुढे कादंबरीच्या टोकाला हाच व्हाइम्स घरापासून कोसांवर, जमिनीखाली एका गुहेत, जखमी, आणि सुडासाठी चिथावणारं काहीतरी पुरातन त्याच्या डोक्यात घुसलेलं. तेवढ्यात सहा वाजतात. पुस्तक जवळ नाही, पोरगं जवळ नाही, पण पाठ आहे. अंधारात शस्त्रं परजून उभ्या असलेल्या कडव्या बुटक्यांच्या अंगावर रक्तानं माखलेला एक पोलीस अधिकारी धावून येतो, आणि घसा फाडून ओरडत असतो तो गाईबद्दल. त्यांनी आयुष्यभर युद्धगर्जना ऐकलेल्या असतात. पण मेंढीची, घोड्याची, सगळ्यांची चौकशी एकापाठोपाठ एक सुरू झाल्यावर काय करायचं, हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं.